उंबरठा आणि खाकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिल्लीत एका घरातील एक खोली भाड्याने घेऊन एक बाई मुलांसह राहत होती. घरमालकाला खोली रिकामी करून हवी होती. भाडेकरूला काढावयाचे तर कायद्याने दिवाणी न्यायालयाची वाट दाखविली आहे. ती वाट लांबची आणि खर्चाची, म्हणून या मालकाने जवळची वाट धरली. ती पोलीस ठाण्यावरून जात होती. नोव्हेंबर १९८७ मध्ये या बाईला मारहाण झाली. तिचा नऊ वर्षांचा मुलगा त्या मारहाणीत सापडला आणि त्याच महिन्यात मरण पावला. ‘सहेली’ या स्त्रियांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पोलीस अधिकाऱ्याच्या मारहाणीमुळेच मुलाचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष न्यायालयाने डिसेंबर १९८९ मध्ये काढला आणि दिल्ली प्रशासनाने आईला ७५,००० रुपये द्यावेत, असा आदेश दिला.

नऊ वर्षांच्या मुलाची किंमत ७५,००० की अधिक, ही चर्चा करणेही अशोभनीय आहे. पाहावयाचे ते निकालाच्या पुढच्या भागाकडे. दोषी ठरतील त्या अधिकाऱ्यांकडून ही रक्कम वसूल करण्याची प्रशासनाला मुभा राहील, असे न्यायालयाने म्हटले. मुभा! गुन्हा वर्दीतल्या माणसाने करावयाचा, भरपाई सरकारी तिजोरीतून म्हणजे त्या बाईसारख्याच लक्षावधी करदात्यांच्या पैशातून द्यावयाची, आणि ज्याने हात उगारला त्याच्या पगाराला हात लावावयाचा की नाही हे त्याच्याच वरिष्ठांच्या मर्जीवर सोडावयाचे. घरात घुसणाऱ्या पोलिसाच्या जबाबदारीचा प्रश्न गेली अनेक दशके या ‘मुभा’ शब्दापाशी अडून राहिला आहे.

कायदा नाही म्हणून हे घडते, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, परंतु झडतीच्या तरतुदींचा सांगाडा जुनाच आहे. जुने कलम १६५ ते आजचे कलम १८५. वॉरंटाशिवाय घराची झडती घ्यावयाची असेल तर आपल्याला कोणती वस्तू हवी आहे, ती तेथे असल्याचे मानण्यास आधार काय, आणि विलंब का चालणार नाही, हे तपासी अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवले पाहिजे. त्या नोंदीची प्रत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. नव्या संहितेने त्यासाठी ४८ तासांची कमाल मर्यादा घातली आहे. घराच्या मालकाने किंवा त्यात राहणाऱ्याने अर्ज केला तर दंडाधिकाऱ्याने ती प्रत त्याला फुकट दिली पाहिजे. ‘राहणाऱ्याने’ हा शब्द कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. सातबारा किंवा घरपट्टीची पावती दाखविल्याशिवाय हा हक्क मिळत नाही, असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच हवेत, घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे, जप्त मालाच्या यादीची सहीनिशी प्रत त्याच्या हाती पडली पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावयाची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करावयाची असेल तर तशी असाधारण परिस्थिती असली पाहिजे, आणि स्त्री अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची परवानगी आधी मिळविली पाहिजे. २०२४ पासून झडती आणि जप्ती यांचे ध्वनिचित्रमुद्रणही सक्तीचे झाले आहे.

एवढी तटबंदी असताना पहाटे चार वाजता दारावर लाथ बसते ती कशी? एक तर या तटबंदीची राखण ज्याने करावयाची तोच ती ओलांडणारा असतो. पंचांचेच पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ साली अहवालांत प्रसिद्ध झालेल्या एका निकालात दिल्लीत थंड पाणी विकून पोट भरणाऱ्या एका माणसाची कहाणी आहे. पोलिसांच्या मेहेरबानीवर त्याचा गाडा चालत होता आणि त्या मेहेरबानीची फेड म्हणून तो पोलीस सांगतील तेथे साक्षीला उभा राहत होता. अशा सुमारे तीन हजार खटल्यांत तो साक्षीदार होता! पुढे त्याने नकार दिला तेव्हा त्याच्याच तडीपारीची कारवाई सुरू झाली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला संरक्षण दिले. परंतु त्या तीन हजार खटल्यांत ज्यांना शिक्षा झाल्या असतील त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या तालुक्याच्या गावीही ठाण्यासमोरचा पानवाला, सायकल दुरुस्त करणारा, चहाच्या टपरीवरचा पोऱ्या यांची नावे पंचनाम्यांत पुनःपुन्हा येतात. ती माणसे लबाड नसतात, टपरी उठेल या भीतीने सही करतात.

आणि दुसरे कारण अधिक खोल आहे. झडती बेकायदा ठरली तरी तीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पूरणमल खटल्यात डिसेंबर १९७३ मध्ये ठरविले. तो खटला प्राप्तिकराच्या छाप्यांचा होता. काळा पैसा दडविणाऱ्याबद्दल समाजवाद्यांना कणव वाटण्याचे कारण नाही, आणि त्या काळी या निकालाने अनेकांना बरेही वाटले असेल. परंतु तेच सूत्र झोपडीच्या दारातही लागू होते. नियम मोडून मिळविलेला माल न्यायालयात चालतो, हे एकदा ठाण्यात ठाऊक झाले की नियम पाळण्याची गरज कोणाला उरते?

हे टाळता आले असते काय? घटना तयार होत असतानाची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत हक्कांची जी यादी दिली तीत अवाजवी झडतीपासून माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू सुरक्षित असण्याचा हक्क होता. घटनेच्या मसुद्यात मात्र तो आला नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तो घालण्याची दुरुस्ती घटनासमितीत मांडली. बाबासाहेब उत्तरादाखल म्हणाले त्याचा आशय असा, की हे सारे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. परंतु उद्याचे कायदेमंडळ ते काढून टाकू शकेल, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने या तरतुदी इतक्या महत्त्वाच्या आहेत की त्या कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट होय. म्हणून आपण ही दुरुस्ती स्वीकारण्यास तयार आहोत. मसुदा समितीचा अध्यक्ष तयार होता, तरीही ती दुरुस्ती घटनेत आली नाही. मुस्लिम लीगच्या एका सभासदाने मांडलेली आणि बाबासाहेबांनी मान्य केलेली ती ओळ आज घटनेत असती तर १९५४ सालच्या एम. पी. शर्मा खटल्यात न्यायालयाला अमेरिकेसारखी तरतूद आपल्या घटनेत नाही असे म्हणता आले नसते, आणि पूरणमल निकालाचा पायाही तितकाच डळमळीत झाला असता.

घटनेने हात आखडता घेतल्यावर पुढचे काम न्यायालयांवर पडले आणि ते त्यांनी अडखळत केले. उत्तर प्रदेशातील खरकसिंग नावाच्या माणसावर १९४१ साली दरोड्याचा आळ आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. सुटला तरी ठाण्यातील वहीत त्याचे नाव राहिले. गावचा चौकीदार आणि पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावीत, आरोळ्या देत, झोपेतून उठवीत, घरात शिरत. त्याने दाद मागितली. १८ डिसेंबर १९६२ च्या निकालात बहुमताने एवढेच मान्य केले की रात्री घरी जाण्याचा नियम घटनाबाह्य आहे. पाळतीचे बाकीचे नियम कायम राहिले. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि शहा यांनी मात्र तो सगळा नियमच रद्द ठरविला. गंमत अशी की त्या रात्रीच्या फेऱ्यांना कायद्याचा आधार नव्हता म्हणून त्या गेल्या. मध्य प्रदेशातील तसल्याच नियमांना पोलीस कायद्याचा आधार निघाला तेव्हा १९७५ च्या गोविंद खटल्यात ते वाचले. नियमांचा अर्थ जपून करा, एवढी सूचना मात्र न्यायालयाने दिली.

त्याच १९७५ सालच्या जूनमध्ये जे घडले ते या सभेला सांगावयास नको. एक तारीख मात्र सांगितली पाहिजे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात असा निर्वाळा दिला की आणीबाणीत बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध गेले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १ मे रोजी, बंगलोरमध्ये लॉरेन्स फर्नांडिस यांना पोलिसांनी घरातून उचलले. जॉर्ज भूमिगत होते, त्यांचा ठावठिकाणा हवा होता. तो काढण्यासाठी भावाचे अमानुष हाल केले गेले. दुसऱ्या दिवशी स्नेहलता रेड्डी यांना अटक झाली. दम्याने आजारी असलेली ही अभिनेत्री जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटली आणि पाच दिवसांत, २० जानेवारीला, गेली. न्यायासनाने दार लावून घेतले की ठाण्याला कळावयास तीन दिवसही पुरतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. शर्मा आणि खरकसिंग निकालांतील विरोधी विधाने पुसून टाकली आणि जबलपूरचा निकालही कलंक म्हणून रद्द ठरविला. बाबासाहेबांनी मान्य केलेली ओळ अशी ६९ वर्षांनी मागच्या दाराने घटनेत आली म्हणावयास हरकत नाही.

परंतु कोणाच्या घरासाठी? उंबरठा असावयास आधी घर असावे लागते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले तेव्हा मध्यमवर्गीय महाराष्ट्राला प्रथमच कळले की या राज्यात अशीही घरे आहेत जेथे पोलिसांचे येणे हा पावसापाण्याइतका नित्याचा प्रकार आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि वह्यांतील नावे राहिली. पारध्याच्या पालाला दार नाही, म्हणून ठोठावण्याचाही प्रश्न नाही. आसपास कोठे चोरी झाली की पहाटे पाल उपसले जाते, पिठाचा डबा पालथा होतो, बाईच्या अंगावरचा मणी ‘चोरीचा माल’ ठरतो. पावती कोठून आणणार? कारखानदाराच्या बंगल्यावर छापा पडतो तेव्हा पंचांच्या आधी वकील पोहोचतो, आणि ते योग्यच आहे. पालावर वकील कोणी पाठवावयाचा, हा आपल्या पक्षापुढील प्रश्न आहे.

आता ढालींकडे वळू. ज्या अधिकाऱ्याला शासनाशिवाय कोणी काढू शकत नाही त्याच्यावर कर्तव्याच्या ओघातील कृत्यासाठी खटला भरावयाचा तर शासनाची मंजुरी लागते. पूर्वी ही मंजुरी वर्षानुवर्षे अडवून धरता येई. नव्या संहितेच्या कलम २१८ ने १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानावयाचे ठरविले, ही चांगली सुधारणा आहे. मात्र उजव्या हाताने दिले ते डाव्या हाताने काढून घेण्याची सरकारची रीत जुनी आहे. त्याच संहितेच्या कलम १७५ मध्ये आता असे आले आहे की लोकसेवकाविरुद्ध त्याच्या कामाच्या संदर्भातील तक्रार आली तर दंडाधिकाऱ्याने तपासाचा हुकूम देण्याआधी वरिष्ठाचा अहवाल मागवावा आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे विचारात घ्यावे. चोरीच्या आरोपातील पारध्याला अशी आधी बाजू मांडण्याची सोय कोणत्याही संहितेने दिलेली नाही.

महाराष्ट्रात आणखी एक कलम आहे, ते कार्यकर्त्यांना बहुधा ठाऊक नसते. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, कलम १६१. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर सहा महिन्यांच्या आत खटला गुदरला नाही तर तो फेटाळला जातो. त्यानंतर शासनाच्या मंजुरीने दोन वर्षांपर्यंतची खिडकी उघडी आहे, एवढेच. मार खाल्लेला माणूस आधी दवाखान्यात, मग जामिनासाठी, मग मजुरीला जातो. सहा महिने असेच सरतात. आणि मग साहेबांचे वकील उठून सांगतात की मुदत गेली. परंतु हेही सांगितले पाहिजे की सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच, महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या खटल्यात, स्पष्ट केले आहे की जबाब काढण्यासाठी मारहाण करणे आणि डांबून ठेवणे हे कर्तव्याच्या आवरणाखाली येतच नाही, कारण कायद्याने ते पोलिसाला मनाच केले आहे. हा निकाल आपल्याच राज्याच्या खटल्यातला, आपल्याच कायद्यावरचा. खालच्या न्यायालयांत तो पुनःपुन्हा वाचून दाखवावा लागतो.

२२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाशसिंग निकालाने प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावे असे फर्माविले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती केली. या प्राधिकरणाकडे जाऊ नये असे नाही, जरूर जावे. फक्त ते स्वतः कोणाला शिक्षा करीत नाही, त्याचा अहवाल शासनाकडे जातो, हे ओळखून जावे. म्हणजे चेंडू पुन्हा त्याच अंगणात.

येथे कोणी म्हणेल, शिपायाचे हालही पाहा. बारा-बारा तासांची पाळी, गळकी क्वार्टर्स, वरून ‘गुन्हा उघडकीस आणा’ असा लकडा. हे खरे आहे, आणि पोलिसांच्या संघटनेच्या हक्काची बाजू समाजवाद्यांनी घेतली पाहिजे. म्हणूनच जबाबदारी केवळ लाथ मारणाऱ्या शिपायावर थांबू नये. लेखी कारणाशिवाय झडतीला पाठविले कोणी, त्या रात्री ठाण्याचा अंमलदार कोण होता, हे विचारले गेले पाहिजे. आणि त्याही वर मंत्री. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये तमिळ भाषकांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या तेव्हा तेथे पट्टम ताणू पिळ्ळै यांचे प्रजासमाजवादी सरकार होते. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया स्वतः नैनीच्या तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. तो मिळाला नाही, आणि पुढच्या वर्षी पक्ष फुटला. त्या फुटीची किंमत मोठी होती, याबद्दल आजही वाद घालता येईल. मागणी चूक होती असे म्हणण्याचे धैर्य मात्र फारच थोड्यांना होईल.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरांवर बुलडोझर फिरविण्याच्या प्रश्नावर निकाल दिला. न्यायमूर्ती भूषण गवई आणि विश्वनाथन यांनी सांगितले की न्यायालयाचे निर्देश डावलून घर पाडले तर ते पुन्हा उभारण्याचा खर्च संबंधित अधिकाऱ्याने स्वतःच्या पदरचा करावा, शिवाय नुकसानभरपाई द्यावी. १९८९ च्या ‘मुभे’पासून २०२४ च्या या ‘स्वतःच्या पदरचा’ या शब्दांपर्यंत यावयास ३५ वर्षे लागली. घर पाडणाऱ्या अधिकाऱ्याला जो न्याय, तोच घराचे दार फोडणाऱ्याला का नसावा? प्रत्येक भरपाईच्या निकालात वसुलीची मुभा नव्हे तर मुदतबंद आज्ञा असावी, आणि महाराष्ट्राच्या पोलीस अधिनियमातच तशी तरतूद व्हावी, ही मागणी पक्षाने विधिमंडळात आणि रस्त्यावर मांडावी.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. तपासाच्या रीतीबद्दलचा कायद्याचा आदेश जाणूनबुजून मोडून एखाद्याचे नुकसान करणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे सक्तमजुरी आहे. २०१३ साली दिल्लीतील बलात्काराच्या प्रकरणानंतर ही तरतूद जुन्या दंडसंहितेत आली होती. झडतीची कलमे हा असाच आदेश आहे. परंतु तो मोडला हे सिद्ध करण्यास कागद लागतो, आणि कागद त्याच आठवड्यात मिळवावा लागतो. वस्तीवर बातमी येताच कार्यकर्त्याने जावे. आलेल्यांच्या छातीवरील नावाच्या पट्ट्या पाहाव्यात. पट्टी नसेल तर तेही लिहावे. वेळ, गाडीचा क्रमांक, पंच कोण आणि कोठचे, फोडलेले कुलूप, सांडलेले धान्य, सारे त्याच दिवशी दोघांच्या सहीने उतरवावे. जखम असेल तर सरकारी दवाखान्याचा दाखला घ्यावा. आपल्याला पंच म्हणून बोलाविले तर खरोखर झडतीला उभे राहावे, ठाण्यात बसून कोऱ्या कागदावर सही करू नये.

मग साध्या कागदावर दंडाधिकाऱ्याला अर्ज करावा: अमुक तारखेस अमुक घराची झडती झाली, कलम १८५ खालील नोंदीची प्रत मिळावी. कलम १०५ खालील चित्रमुद्रण दंडाधिकाऱ्याकडे पोहोचले आहे काय, याचीही विचारणा त्यातच करावी. नोंद नसेल तर ‘नोंद नाही’ हे उत्तरच आपला पहिला पुरावा. प्रत्येक तालुका कार्यालयात यासाठी एक वही ठेवावी आणि तिच्या पहिल्या रकान्यात घटनेची तारीख व शेवटच्या रकान्यात त्या तारखेपासून सहा महिने ज्या दिवशी पुरे होतात तो दिवस लाल शाईने लिहावा.